चेंज रिंगिंगच्या मेथडची लायब्ररी: भरावी कशी, तपासावी कशी, जपावी कशी

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात स्वरांची उलटापालट केली तर ५०४० क्रम होतात, हा हिशेब त्यात आहे, आणि ते क्रम ओळीने मांडायची प्रस्ताराची रीतही आहे. पुढे २ मे १७१५ रोजी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात, सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चच्या मनोऱ्यात सात घंटांचे हेच ५०४० क्रम वाजवले गेले, एकही क्रम पुन्हा न घेता. क्रम बदलत घंटा वाजवण्याच्या या विद्येला चेंज रिंगिंग म्हणतात.

गणित दोन्हीकडे एकच, मांडणी मात्र वेगळी. तीन स्वरांचा प्रस्तार असा चालतो: सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस. दुसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीत जाताना ‘रि’ पहिल्या घरातून थेट तिसऱ्या घरात जातो. कागदावर हे सहज जमते. पण पूर्ण वर्तुळात फिरणाऱ्या, दोरीने आवरायच्या जड घंटेची गती एका फेऱ्यात थोडीच कमी-जास्त करता येते, म्हणून घंटा एका वेळी एकच घर सरकते. तेच सहा क्रम घंटांवर असे येतात: सरिग, रिसग, रिगस, गरिस, गसरि, सगरि, आणि पुन्हा सरिग. शेजारच्यांचीच अदलाबदल करत, एकही ओळ पुन्हा न घेता पुढे जायच्या ठरलेल्या वाटेला मेथड म्हणतात. अशा वीस हजारांहून अधिक मेथड नोंदलेल्या आहेत, आणि त्यांची यादी संगणकात नीट लावून ठेवणे हा या लेखाचा विषय आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला आठ घंटांचा जवळचा मनोरा म्हणजे पुण्याच्या पंचहौद चर्चचा. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड इथे बसून शिकायचे तर रोजचा सराव संगणकावरच होणार. विंडोजवर एबेल आणि बेलटॉवर, आयफोनवर मोबेल, ब्राउझरमध्ये, दूरदूर बसून एकत्र वाजवण्यासाठी, रिंगिंग रूम असे पर्याय आहेत. प्रत्येकाचे मेनू वेगळे असल्याने इथे मेनूतली बटणे न सांगता काम सांगितले आहे. लायब्ररी बिघडायची कारणे सगळीकडे सारखीच असतात.

नाव ही पाटी, मेथड म्हणजे नोटेशन

लायब्ररीतल्या प्रत्येक नोंदीत बऱ्याच गोष्टी असतात: शीर्षक, घंटांची संख्या, वर्ग (मेथडचा प्रकार, जसे बॉब, सरप्राइज), लीडची, म्हणजे बदलांच्या एका पूर्ण आवर्तनाची, लांबी, लीडअखेरची ओळ. यातले मूळ एकच, प्लेस नोटेशन. बाकीचे बहुतेक त्यातूनच काढता येते. म्हणून ते आधी पक्के समजून घ्या.

नोटेशनमध्ये प्रत्येक बदलात कोणत्या घरातली घंटा जागची हलत नाही एवढेच लिहितात. उरलेल्या शेजारशेजारच्या जोड्या आपोआप अदलाबदल करतात. सहा घंटांवर ‘१६’ म्हणजे पहिल्या आणि सहाव्या घरातली घंटा जागेवर, दुसरी-तिसरी आणि चौथी-पाचवी यांची अदलाबदल. तिन्ही जोड्या हलत असतील तर हायफन किंवा इंग्रजी एक्स अक्षर. आकड्यांचे दोन गट लागोपाठ आले तर मध्ये टिंब. दहाव्या घरासाठी शून्य, अकराव्यासाठी इंग्रजी ई, बाराव्यासाठी इंग्रजी टी, दोन्ही मोठ्या लिपीत.

स्वल्पविरामाचा अर्थ नीट लक्षात ठेवावा लागतो. प्लेन बॉब मायनर ही सहा घंटांची मेथड अशी लिहितात:

-१६-१६-१६,१२

स्वल्पविरामाआधी सहा बदल आहेत. ते वाजवून झाल्यावर शेवटचा बदल न दुहेरावता बाकीचे पाच उलट्या क्रमाने येतात, आणि मग स्वल्पविरामानंतरचा १२. एकूण ६ + ५ + १ = १२ बदलांची एक लीड. आरसा धरल्यासारखी ही रचना बहुसंख्य मेथडमध्ये असते, म्हणून अर्धेच लिहून भागते. पाच घंटांची ग्रँडसायर डबल्स मात्र ‘३,१.५.१.५.१’ अशी लिहितात. इथे आधी एकटा ३ आणि आरसा नंतरच्या भागाला: १ + ९ = १० बदल. स्वल्पविराम डावीकडे असो की उजवीकडे, दोन्ही तुकडे आपापल्या जागी आरशात पाहायचे हाच नियम.

जुन्या याद्यांत स्वल्पविरामाऐवजी आरशाच्या भागाआधी ‘&’ आणि सरळ भागाआधी ‘+’ असतो. तुमचे सॉफ्टवेअर यातली कोणती रीत वाचते ते एक मेथड भरून आधीच पाहून घ्या. स्वल्पविराम न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ग्रँडसायर डबल्स भरली तर लीड दहाऐवजी सहा बदलांची निघते, आणि प्रोग्रॅम तक्रार न करता तीच वाजवू लागतो.

या लेखात आकडे देवनागरी छापले आहेत. सॉफ्टवेअरमध्ये भरताना ते इंग्रजी आकड्यांतच लिहायचे. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाइप केलेला ‘१’ आणि इंग्रजी एक ही संगणकाच्या लेखी दोन निराळी अक्षरे आहेत. मोबाइलवर मराठी कळफलक लावून नोटेशन लिहिले आणि व्हॉट्सॲपवरून पाठवले की पलीकडच्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘नोटेशन चुकीचे’ असा निरोप येतो, आणि पडद्यावर तर सगळे बरोबर दिसत असते. याच जातीच्या आणखी तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. वर्डमध्ये हायफनचा आपोआप लांब डॅश होतो. कुणी एक्स ऐवजी गुणाकाराचे चिन्ह चिकटवतो. दहा घंटांच्या मेथडमध्ये शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर पडते. उपाय सरळ आहे: नोटेशन फक्त नोटपॅडसारख्या साध्या संपादकात लिहा, आणि लिहिण्याआधी कळफलक इंग्रजीवर आणा.

चार फोल्डर, आणि एकाला हात लावायचा नाही

इंग्लंडमधली सेंट्रल काउन्सिल ऑफ चर्च बेल रिंगर्स ही १८९१ साली स्थापन झालेली संस्था मेथडची अधिकृत लायब्ररी राखते. ती एक्सएमएल स्वरूपात, झिप करून, मोफत उतरवून घेता येते. सॉफ्टवेअरबरोबर येणारी लायब्ररी बहुधा याच यादीवरून बेतलेली असते, पण ती सॉफ्टवेअर निघाले त्या दिवशीची असते.

फाईल उतरवण्याआधी डिस्कवर चार फोल्डर करा: मूळ, कामाची, स्वतःची, जुनी. फोल्डरांची आणि फाईलींची नावे प्रत्यक्षात इंग्रजी लिपीत आणि मध्ये जागा न सोडता द्या, कारण काही जुने प्रोग्रॅम देवनागरी वाट वाचत नाहीत. उतरवलेली झिप ‘मूळ’मध्ये जाते, नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख घालून, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मग गुणधर्मांत जाऊन ती केवळ-वाचनीय करा. त्या प्रतीला पुन्हा कधीही हात लावायचा नाही.

झिप उलगडून त्यातली एक्सएमएल फाईल ‘कामाची’मध्ये ठेवा. विंडोजमध्ये झिपवर दोनदा टिचकी मारली की ती साध्या फोल्डरसारखी उघडते आणि उलगडली आहे असे वाटते. प्रत्यक्षात प्रोग्रॅमला आतली फाईल सापडत नाही. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करावेच लागते. विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे नोटपॅडमधून जतन केलेली फाईल ‘डॉट एक्सएमएल डॉट टीएक्सटी’ झालेली असली तरी कळत नाही. शेपूट दिसण्याची सोय चालू करून ठेवा.

‘स्वतःची’मध्ये तुम्ही हाताने भरलेल्या मेथड, सरावासाठी निवडलेले संच आणि मराठी टिपा. ‘जुनी’मध्ये आधीच्या प्रती. अधिकृत आणि स्वतःचे एका फाईलमध्ये मिसळू नका, कारण नवी लायब्ररी भरताना बहुतेक प्रोग्रॅम जुनीवर सरळ नवी लिहितात, आणि हाताने भरलेल्या पंधरा-वीस मेथड त्याखाली गाडल्या जातात.

आत घेणे

सगळी लायब्ररी एका दमात आत घेण्याची गरज नाही आणि ते शहाणपणाचेही नाही. घंटांच्या संख्येनुसार घ्या. पाच घंटांच्या मेथडना डबल्स म्हणतात, सहाच्या मायनर, सातच्या ट्रिपल्स, आठच्या मेजर, नऊच्या केटर्स, दहाच्या रॉयल, अकराच्या सिंक्स, बाराच्या मॅक्सिमस. शिकणाऱ्या गटाला पहिले वर्षभर डबल्स आणि मायनर पुरतात.

एका संख्येच्या मेथड आत घेतल्यावर लगेच मोजणी जुळवा. साध्या संपादकात एक्सएमएल उघडून त्या गटातल्या नोंदी किती ते शोधा-मोजा आणि प्रोग्रॅम किती दाखवतो ते पाहा. आकडा कमी आला तर प्रोग्रॅमने काही नोंदी गाळल्या आहेत. बहुधा लांब शीर्षके, आरसा नसलेली नोटेशन किंवा त्याला न कळणारा वर्ग ही कारणे असतात. कोणत्या गळाल्या ते लिहून ठेवा; सगळ्या परत मिळवण्याच्या मागे लागू नका.

आत घेणे चालू असताना वीज गेली तर प्रोग्रॅमची आतली फाईल अर्धवट लिहिलेली राहते, आणि पुढच्या वेळी तो उघडतच नाही किंवा अर्धी यादी दाखवतो. उन्हाळ्यात दुपारी हे काम डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय करू नका. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली तरी पुरते. बिघडलीच तर ती फाईल दुरुस्त करत बसण्यापेक्षा काढून टाका आणि ‘कामाची’मधून पुन्हा घ्या. ‘मूळ’ला हात न लावण्याचा फायदा इथे कळतो.

एक्सेल का नको

मेथडची यादी म्हटली की तालुक्याच्या संगणक वर्गापासून महाविद्यालयापर्यंत सगळ्यांचा हात आधी एक्सेलकडे जातो. नोटेशनसाठी एक्सेल धोक्याचे आहे. ‘-१६-१६-१६’ हे एका चौकटीत इंग्रजी आकड्यांत लिहा: एक्सेल त्याची वजाबाकी करून -४८ दाखवते. स्वल्पविरामाने तोडलेल्या फाईलीत नोटेशनमधला स्वल्पविराम नवा रकाना पाडतो, आणि ‘१२’ शेजारच्या रकान्यात जातो. एकट्या ‘१२-१४’ ची तारीख होते. शून्याने सुरू होणारी दहा घंटांची ओळ पहिला शून्य गमावते.

तक्ता लागतोच, तर लिब्रेऑफिस कॅल्क वापरा. ते फाईल उघडतानाच रकान्यांचे प्रकार विचारते. नोटेशनच्या आणि ओळींच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ निवडा. रकाने टॅबने तोडा, स्वल्पविरामाने नको. जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी टिपांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. तक्ता पाहण्यासाठी आणि टिपा लिहिण्यासाठी ठेवा. सॉफ्टवेअरला मेथड पुरवणारी फाईल त्यातून बनवू नका.

ताळा

हिशेब लिहिला की ताळा करायचा असतो. हाताने भरलेली एकही मेथड ताळ्याशिवाय सरावाला घेऊ नका. चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, लीडची लांबी. केंब्रिज सरप्राइज मायनर घ्या: -३६-१४-१२-३६-१४-५६,१२. स्वल्पविरामाआधी बारा बदल, म्हणजे १२ + ११ + १ = २४. भरताना दुसरा ‘-१४’ सुटला तर लीड २० ची निघते. हा ताळा दहा सेकंदांचा आहे आणि सुटलेल्या चुका बहुतेक इथेच सापडतात.

दुसरी, लीडअखेरची ओळ. प्लेन बॉब मायनरची पहिली लीड १३५२६४ वर संपते, केंब्रिजची १५६३४२ वर. प्लेन बॉबमध्ये शेवटच्या १२ ऐवजी १६ पडला, तर बारा बदलांत घंटा परत १२३४५६ वर येतात: ती प्लेन हंट झाली, म्हणजे सगळ्या घंटांनी एकेक घर पुढे आणि मागे जाण्याची नुसती साधी वाट. चूक लगेच लक्षात येते. केंब्रिजमध्ये तीच चूक झाली तर पहिली लीड १३५२६४ वर संपते, पुढेही सगळे सुरळीत चालते, आणि तुम्ही दुसरीच मेथड केंब्रिज म्हणून पाठ करत बसता. लांबी बरोबर, आरसा बरोबर, ओळी न दुहेरावता येतात, तरी मेथड चुकीची. ही चूक फक्त लीडअखेरची ओळच पकडते, म्हणून चार ताळ्यांतला हा सर्वांत मोलाचा.

तिसरी, ट्रेबलची वाट. ट्रेबल म्हणजे सर्वांत उंच सुराची, पहिल्या क्रमांकाची घंटा. प्लेन बॉबमध्ये ती एकेक घर पुढे जाते, शेवटच्या घरात दोनदा वाजते आणि तशीच परत येते. केंब्रिजमध्ये ती दर दोन घरांत एकदा मागे वळून जाते: १, २, १, २, ३, ४, ३, ४, ५, ६, ५, ६. नोटेशनच्या मध्येच आकडा चुकला तर ट्रेबल या वाटेवरून घसरते. प्रोग्रॅममध्ये ट्रेबलची रेघ रंगवून पाहिली की चूक नेमकी कितव्या बदलावर आहे ते कळते.

चौथी, प्लेन कोर्स, म्हणजे कोणतीही हाक (मध्येच वाट बदलण्याची सूचना) न देता मेथड मूळ क्रमावर परत येईपर्यंतची लांबी. ओळखीच्या मेथडचे आकडे पाठ असलेले बरे. प्लेन बॉब डबल्स ४०. ग्रँडसायर डबल्स ३०. स्टेडमन डबल्स ६०. प्लेन बॉब मायनर ६०. केंब्रिज मायनर १२०. ग्रँडसायर ट्रिपल्स ७०, स्टेडमन ट्रिपल्स ८४. प्लेन बॉब मेजर ११२, आणि केंब्रिज सरप्राइज मेजर २२४, जिची पहिली लीड १५७३८२६४ वर संपते. कोर्समध्ये एकही ओळ दोनदा येता कामा नये. हे प्रोग्रॅम स्वतः तपासतो, तुम्ही फक्त ती तपासणी चालवायची असते.

विषम संख्येच्या घंटांवर आणखी एक अडचण. प्लेन बॉब डबल्सचे नोटेशन ‘५.१.५.१.५,१२५’ असे आहे. शेवटी कुणी नुसते ‘१२’ लिहिले, तर तिसरी-चौथी जोडी हलते आणि पाचवी एकटी उरते. काही प्रोग्रॅम ती जागेवर आहे असे समजून घेतात, काही नोंद नाकारतात. पूर्ण १२५ लिहिण्याची सवय ठेवा, म्हणजे फाईल कुठेही नेली तरी चालते. प्लेन बॉब डबल्सची पहिली लीड १३५२४ वर संपली पाहिजे, ग्रँडसायरची १२५३४ वर.

स्टेडमनला हे सगळे निकष जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिच्यात ट्रेबल वेगळी नसतेच. सगळ्या घंटा एकच काम करतात. त्यामुळे ‘ट्रेबलच्या वाटेनुसार गाळा’ असा चाळणीचा पर्याय लावला की स्टेडमन यादीतून नाहीशी होते आणि लायब्ररी अपुरी आहे असा गैरसमज होतो. शिवाय ती सहा-सहा बदलांच्या तुकड्यांनी बनलेली असली तरी वाजवताना सुरुवात तुकड्याच्या मधूनच होते. डबल्सचे नोटेशन ३.१.५.३.१.३.१.३.५.१.३.१ असे, आणि पहिल्या ओळी २१३५४, २३१४५, ३२४१५ अशा. कुणी तुकड्याच्या आरंभापासून लिहिलेले नोटेशन दिले तर मेथड तीच, पण सुरुवात सरकलेली. गटातल्या एकाच्या संगणकात एक आणि दुसऱ्याच्या संगणकात दुसरी असेल तर रिंगिंग रूममध्ये तिसऱ्याच बदलाला गोंधळ उडतो.

हाका लायब्ररीत नसतात

मेथड जास्त वेळ चालवायची तर संचालक मध्ये ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ अशी हाक देतो आणि तेवढा एक बदल वेगळा होतो. हाकांचे नोटेशन मेथडच्या नोंदीत धरलेले नसते. प्रोग्रॅम लीडअखेर पाहून अंदाज बांधतो. प्लेन बॉब मायनरमध्ये लीडअखेरच्या १२ ऐवजी बॉबला १४ आणि सिंगलला १२३४. पहिल्याच लीडला बॉब दिला तर ओळ १२३५६४ यावी, सिंगल दिली तर १३२५६४. एकेकदा वाजवून पाहा. सिंगलच्या जागी चुकून १४ च ठरलेले असेल तर रोजच्या सरावात कुणाच्या लक्षात येत नाही. ७२० ओळींचा पूर्ण विस्तार वाजवायला घेतला की मात्र ३६० नंतर ओळी पुन्हा येऊ लागतात, कारण प्लेन बॉब मायनरमध्ये नुसत्या बॉबने ३६० च्या पुढे जाता येत नाही.

ग्रँडसायरच्या हाका वेगळ्या जातीच्या आहेत: लीडच्या शेवटचे दोन बदल ५.१ ऐवजी बॉबला ३.१ आणि सिंगलला ३.१२३ होतात. प्लेन बॉबचा ठोकळा ग्रँडसायरला लावणारा प्रोग्रॅम भेटला तर हाका हाताने भरा आणि ‘स्वतःची’मध्ये नोंद ठेवा.

नावे

अधिकृत शीर्षक इंग्रजीत, जसेच्या तसे ठेवा. त्यात बहुधा तीन भाग असतात: नाव, वर्ग आणि घंटांची संख्या सांगणारा शब्द. केंब्रिज सरप्राइज मायनर आणि केंब्रिज सरप्राइज मेजर या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. नुसते ‘केंब्रिज’ म्हणून काम भागत नाही. ग्रँडसायर आणि स्टेडमन यांच्या शीर्षकात वर्गाचा शब्द येतच नाही, म्हणून वर्गानुसार शोधताना त्या सापडत नाहीत.

देवनागरीत नावे लिहिली की एकाचे केंब्रिज, दुसऱ्याचे केम्ब्रिज, तिसऱ्याचे कॅम्ब्रिज. शोधताना तिन्ही वेगळी. मराठी नाव हवेच, तर त्याला वेगळा रकाना द्या आणि गटाने एकच लेखन ठरवून ते पाळा. जोडणी मात्र इंग्रजी शीर्षकावरूनच करा. वर्गवारीचे नियम सेंट्रल काउन्सिलने २०१९ मध्ये नव्याने मांडले. त्यामुळे जुन्या यादीतले आणि नव्या यादीतले शीर्षक क्वचित जुळत नाही. अशा वेळी दोन्ही नोटेशन पूर्ण उलगडून शेजारी ठेवा. ती सारखी असतील तर मेथड एकच, आणि नवे शीर्षक घ्या.

दुबार नोंदीही याच रीतीने ओळखायच्या. नावावरून दुबार शोधले तर खऱ्या दोन वेगळ्या मेथड एक समजून पुसल्या जातात आणि खरी दुबार नोंद तशीच राहते.

सरावाचा छोटा संच

वीस हजारांची यादी उघडून दोनदा खाली-वर सरकवण्यातच नवशिक्याचा उत्साह संपतो. ‘स्वतःची’मध्ये आठ-दहा मेथडचा संच करा आणि प्रोग्रॅम सुरू होताना तोच समोर येईल असे करा. आमच्या मते क्रम असा असावा: पाच आणि सहा घंटांवर प्लेन हंट, प्लेन बॉब डबल्स, ग्रँडसायर डबल्स, प्लेन बॉब मायनर, स्टेडमन डबल्स, मग केंब्रिज मायनर. सहा घंटांवर पुढे जायचे असेल तर प्रमाण मानल्या गेलेल्या ४१ सरप्राइज मायनर मेथडचा वेगळा संच करा. आठवर जाणाऱ्यांसाठी केंब्रिज, यॉर्कशायर, लिंकनशायर, सुपरलेटिव्ह, रटलंड, पडसी, ब्रिस्टल, लंडन या आठ सरप्राइज मेजर. संचात एखादी मेथड घालताना तिच्यासमोर लीडची लांबी, पहिली लीडअखेरची ओळ आणि प्लेन कोर्सची लांबी हे तीन आकडे लिहा. ताळा पुन्हा करायची वेळ आली की हेच उपयोगी पडतात.

नवी यादी आली की

नव्या मेथड सतत नोंदल्या जातात, पण तुम्हाला त्या रोज लागत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा यादी बदलली तरी पुष्कळ. आधी ‘स्वतःची’ची प्रत पेन ड्राइव्हवर आणि स्वतःलाच ईमेलने पाठवा. संगणक वर्गातून फिरणाऱ्या पेन ड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका. मग नवी झिप ‘मूळ’मध्ये, आधीची ‘कामाची’ प्रत ‘जुनी’मध्ये, आणि नवी उलगडून आत घ्या. लगेच सरावाच्या संचातली प्रत्येक मेथड उघडून तिच्यासमोर लिहिलेले तीन आकडे जुळतात का ते पाहा. दहा मेथडला पाच मिनिटे लागतात.

एखादी जुळली नाही, तर जुनी आणि नवी नोटेशन समोरासमोर ठेवा. फरक फक्त लिहिण्याच्या रीतीचा असेल (हायफनऐवजी एक्स, किंवा आरसा उलगडून लिहिलेला) तर पुढे चला. खरा फरक निघाला तर सरावाला जुनीच ठेवा, आणि नवी प्रत दुसऱ्या संगणकावर नव्याने उतरवून, उलगडून पुन्हा पाहा. तिथे नोटेशन जुन्यासारखे दिसले तर पहिल्या संगणकावरची प्रत उतरताना किंवा आत घेताना बिघडली आहे, ती काढून टाका. गटातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बदल करावा, आणि फाईलीच्या नावातली तारीख गटाच्या निरोपात लिहून कळवावी, म्हणजे संध्याकाळी रिंगिंग रूममध्ये बसताना बीडच्या आणि परभणीच्या पडद्यावर तेच नोटेशन असते.